पीएचपी आणि ऑब्जेक्टचा अखत्यार

संकेतस्थळे घडविण्याची विद्या स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात करू पाहणारे जे तरुण पीएचपीच्या वाटेने येतात, त्यांचा आरंभीचा प्रवास बहुधा सुखाचा होतो. फॉर्ममध्ये भरलेली माहिती उचलावी, ती डेटाबेसमध्ये दाखल करावी, मागितली की पुन्हा काढून पानावर मांडावी, एवढे त्यांना थोड्याच अवधीत साधू लागते. आणि आपण रात्री लिहिलेले पान सकाळी परगावचा मनुष्य उघडून पाहतो या अनुभवाने त्यांचा उत्साह द्विगुणित होतो. अडचण उद्भवते ती यानंतर. कोणी जाणता त्यांना सांगतो, की आजवर जे लिहिले ते ठीक, पण आता ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकल्यावाचून पुढे गती नाही. आणि पुस्तक उघडावे तो पहिल्याच प्रकरणात मोटार भेटते. मोटार हा क्लास, दारात उभी असलेली तांबडी मोटार हा ऑब्जेक्ट. प्राणी हा मूळ क्लास आणि कुत्रा त्याचा वारस. हे सारे तत्काळ समजते, आणि तरीही स्वतःच्या कामाकडे परतल्यावर त्यातले काहीएक उपयोगी पडत नाही. कारण त्या कामात मोटार नाही, कुत्रा नाही, आहे तो एक नोंदणीचा फॉर्म आणि सभासदांची एक यादी.

अशा विद्यार्थ्यांचा कोड वाचण्याचा प्रसंग मला वारंवार येतो, आणि त्यांच्या ग्रहणशक्तीला बोल लावावा असे मला कधीच वाटलेले नाही. चुकते ते आरंभस्थान. जगातील पदार्थांची चित्रे काढण्याची रीत म्हणजे ऑब्जेक्ट, असे एकदा मनावर ठसले, की विद्यार्थी नामे शोधीत हिंडू लागतो. प्रोग्रॅममधील अमुक एक माहिती बदलण्याचा अखत्यार कोणाचा, ती सुसंगत राहील याची हमी कोणी द्यावयाची, आणि त्या हमीत बाध आला तर जाब कोणाला विचारावयाचा, हे एकदाच आणि एकाच ठिकाणी ठरवून टाकणे, यासाठी ऑब्जेक्ट असतो. हे ध्यानात आले म्हणजे क्लास, मेथड, इनहेरिटन्स, इंटरफेस ही सगळी परिभाषा आपापल्या जागी बसते. हे ध्यानात आले नाही तर तीच परिभाषा पाठ करून परीक्षा देता येते, पण प्रोग्रॅम लिहिता येत नाही.

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा. वाचकाने ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, की ती मागणी दूरच्या सर्व्हरवर पोहोचते, तेथे पीएचपीत लिहिलेला प्रोग्रॅम चालू होतो, डेटाबेसमधून हवा तो मजकूर काढतो, त्याचे पान रचून परत धाडतो आणि संपतो. कोणत्याही विद्यापीठाच्या संकल्पातून ही भाषा जन्माला आलेली नाही. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९४ मध्ये, आपल्या वैयक्तिक पानाला कोण भेट देतो याची नोंद राहावी म्हणून, सी भाषेत काही लहान साधने लिहिली आणि १९९५ च्या जूनमध्ये ती सर्वांना खुली केली. पुढे इस्राएलमधील टेक्निऑन या संस्थेत शिकणाऱ्या झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांनी तिचा गाभा नव्याने रचला आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ प्रसिद्ध झाली. क्लासची सोय या तिसऱ्या आवृत्तीत आली खरी. परंतु माहितीच्या यादीला काही फंक्शने जोडून ठेवण्याची एक सुबक रीत, याहून तिचे स्वरूप फारसे मोठे नव्हते. २००० सालच्या चौथ्या आवृत्तीतही क्लासच्या आतली माहिती बाहेरच्यांपासून राखण्याचा काही उपाय नव्हता. कोणीही यावे आणि तीत हवा तो फेरफार करावा. जुलै २००४ मध्ये पाचवी आवृत्ती आली, आणि तेव्हा कोठे अखत्याराची भाषा पीएचपीला बोलता येऊ लागली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की पीएचपीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची वाटचाल आणि खुद्द पीएचपीची वाटचाल एकाच दिशेने होते. दोन-चार पानांचे संकेतस्थळ असेतोवर ऑब्जेक्टची निकड कोणालाच भासत नाही, आणि ती भासू नये हेच योग्य. पाने वाढतात, लिहिणारे हात वाढतात, आणि जी माहिती एकाच ठिकाणाहून बदलत असे ती सात ठिकाणांहून बदलू लागते, तेव्हा ही गरज उत्पन्न होते. जावामध्ये २०२५ सालापर्यंत पहिली ओळ लिहावयाची तरी क्लासच्या चौकटीत शिरावे लागे. पीएचपीने तशी सक्ती कधी केलेली नाही. तेच काम फंक्शनांनी करून पाहावे, मग ऑब्जेक्टने करून पाहावे, आणि काय बदलले ते एकाच फाईलमध्ये शेजारी शेजारी ठेवून न्याहाळावे, ही मुभा मला शिक्षणाच्या दृष्टीने अमोल वाटते.

आता एखाद्या सार्वजनिक वाचनालयाची देवघेव संगणकावर आणावयाची आहे असे समजा. प्रत्येक सभासदाची माहिती एका अ‍ॅरेत ठेवली आहे: नाव, भरलेली अनामत, आणि सध्या त्याच्या हाती असलेल्या पुस्तकांची संख्या. नियम साधे आहेत. अनामत भरल्याशिवाय पुस्तक मिळावयाचे नाही, आणि एका वेळी दोहोंहून अधिक पुस्तके न्यावयाची नाहीत. देवघेवीचे पान लिहिणाऱ्याने दोन्ही अटी तपासल्या आणि संख्या एकाने वाढविली. सर्व यथास्थित चालू झाले. काही महिन्यांनी घरपोच पुस्तके पाठविण्याची योजना निघाली, तिच्यासाठी दुसऱ्या कोणी नवे पान लिहिले, जुन्या पानावरून दोहोंची अट उचलली आणि अनामतीची अट राहून गेली. वर्षअखेरीस पुस्तकांची मोजदाद झाली तेव्हा तिसरे एक पान तयार झाले, आणि जे पुस्तक सभासदाने आधीच परत केले होते ते त्या पानाने पुन्हा एकदा वजा केले. परिणामी एका सभासदाच्या हाती उणे एक पुस्तक असल्याची नोंद झाली. कोणी अ‍ॅरेतील कळ लिहिताना ह्रस्वाचे दीर्घ केले, तर पीएचपी हरकत घेत नाही. त्या चुकीच्या नावाची एक नवी नोंद मुकाट्याने करून ठेवते, आणि खरी संख्या जेथल्या तेथे राहते. येथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मग जबाबदार कोण? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ती संख्या कोणाच्याच अखत्यारात नव्हती.

हीच माहिती सभासद नावाच्या क्लासमध्ये ठेवली म्हणजे काय होते? क्लास हा एक मसुदा; त्यावरून नवा सभासद मागितला की एक ऑब्जेक्ट तयार होतो, आणि दहा सभासद मागितले तर एकाच मसुद्याबरहुकूम दहा स्वतंत्र ऑब्जेक्ट. हाती असलेल्या पुस्तकांची संख्या ही त्याची प्रॉपर्टी, आणि तिच्यापुढे प्रायव्हेट हा शब्द लिहिला की क्लासच्या बाहेरच्या कोणत्याही ओळीला ती वाचता येत नाही आणि बदलताही येत नाही. कोणी प्रयत्न केलाच तर प्रोग्रॅम तेथल्या तेथे थांबतो. बाहेरच्यांसाठी दोन मेथड (म्हणजे क्लासच्या आत लिहिलेली फंक्शने) उघड्या ठेवावयाच्या, एक पुस्तक देण्याची आणि एक परत घेण्याची. देण्याची मेथड प्रथम अनामत पाहते, मग संख्या पाहते, आणि दोहोंपैकी एक अट जरी मोडत असेल तरी एक्सेप्शन टाकून साफ नकार देते. परत घेण्याची मेथड शून्याखाली उतरत नाही. नवा सभासद निर्माण होतानाच जी मेथड आपोआप चालते तिला कन्स्ट्रक्टर म्हणतात. नाव कोरे असेल वा अनामत ऋण असेल तर त्या सभासदाला अस्तित्वातच येऊ द्यावयाचे नाही, ही तजवीज तेथे करता येते. पुढे कार्यवाहांनी ठरविले की मर्यादा दोनाऐवजी तीन पुस्तकांची करावी, तर एका फाईलमधील एक ओळ बदलते. देवघेवीचे पान, घरपोचचे पान आणि मोजदादीचे पान यांना तो ठराव कळविण्याचीही गरज उरत नाही.

जुन्या काळी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या स्वाधीन असे, आणि कोणाच्या नावावर किती जमीन याची नोंद बदलावयाची तर रयतेने स्वतः वही उघडून खाडाखोड करावयाची नसे, कुलकर्ण्याकडे जाऊन आपला दाखला मांडावयाचा असे. प्रायव्हेट प्रॉपर्टी आणि तिच्याभोवतीच्या मेथड यांचे नाते नेमके हेच आहे.

नव्याने शिकणाऱ्यांचा एक प्रमाद येथे इतका सार्वत्रिक आहे, की त्याबद्दल विस्ताराने लिहिणे मला कर्तव्य वाटते. प्रॉपर्टी प्रायव्हेट करावी असे पुस्तकात वाचून ते प्रत्येक प्रॉपर्टी प्रायव्हेट करतात, आणि लगेच प्रत्येकीसाठी एक वाचण्याची आणि एक बदलण्याची मेथड लिहून मोकळे होतात. गेट आणि सेट या नावांनी सुरू होणाऱ्या या जोड्यांनी फाईल भरून जाते. विद्यार्थ्याला वाटते आपण ऑब्जेक्टच्या रीतीने लिहिले, आणि प्रत्यक्षात हाती असलेली पुस्तके सात करा असा हुकूम बाहेरून कोणीही सोडू शकतो आणि मेथड तो निमूट मानते. अखत्यार गेला तो गेलाच, वर लिहिण्याचे श्रम तेवढे वाढले. मेथडचे नाव कामाच्या भाषेत असावे. ग्रंथपाल कधीच कोणाला संख्या दोन करा असे सांगत नाही, तो म्हणतो हे पुस्तक यांना द्या. मग मेथडचे नावही पुस्तक द्या असेच का असू नये? पीएचपीत क्लास, मेथड आणि व्हेरिएबल यांना देवनागरीत नावे देण्याची मुभा आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. व्यवसायात इंग्रजी नावांचाच प्रघात आहे आणि तो सोडावा असे मी म्हणणार नाही. पण शिकण्याच्या काळात एखादा प्रयोग मराठी नावांनी करून पाहिला, तर मेथड कामाची आहे की नुसती संख्या बदलणारी आहे हे कानालाच कळते.

यानंतरचा धडा तारखांचा, आणि तो मी प्रत्येकाला आवर्जून गिरवायला सांगतो. पीएचपीत डेटटाइम नावाचा तयार क्लास २००६ सालच्या ५.२ या आवृत्तीपासून आहे. १ जूनला पुस्तक दिले. दिल्याची तारीख म्हणून त्याचा एक ऑब्जेक्ट केला. परतीची मुदत चौदा दिवसांची, म्हणून विद्यार्थी लिहितो: परतीची तारीख बरोबर दिल्याची तारीख, आणि पुढच्या ओळीत परतीच्या तारखेला चौदा दिवस पुढे सरकवितो. प्रोग्रॅम चालवून पाहावा तो दोन्ही तारखा १५ जून! पुस्तक ज्या दिवशी दिले त्याच दिवशी ते परत यावयाचे, असा विचित्र निष्कर्ष निघतो आणि विद्यार्थी दिङ्मूढ होतो. संख्या, अक्षरमालिका वा अ‍ॅरे एका व्हेरिएबलमधून दुसऱ्यात घेतला म्हणजे पीएचपीत दुसऱ्याला स्वतःची वेगळी प्रत मिळते. ऑब्जेक्टचे तसे नाही. तेथे दोन्ही नावे एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवितात, आणि एका नावाने केलेला बदल दुसऱ्या नावाने पाहणाऱ्यालाही दिसतो. वेगळी प्रत हवी असेल तर क्लोन असे स्पष्ट लिहून ती मागावी लागते.

चौथ्या आवृत्तीत नेमके उलट होते. तेथे ऑब्जेक्टचीही प्रत निघे. सभासदाचा ऑब्जेक्ट एखाद्या फंक्शनकडे सोपवावा, फंक्शनने त्याच्या खात्यावर पुस्तक चढवावे, आणि परत येऊन पाहावे तो मूळ सभासद कोरडाच, कारण नोंद झाली ती प्रतीवर. ते टाळण्यासाठी लोक जागोजाग ‘आणि’ या अर्थाचे इंग्रजी चिन्ह (&) नावांपुढे लावीत. पाचव्या आवृत्तीने ही व्यवस्था उलटविली, आणि माझ्या मते तिच्या सर्व सुधारणांत ही सर्वांत मूलगामी होती. कारण एका सभासदाच्या नकळत निघालेल्या चार प्रती हिंडत असतील तर त्यांतील कोणाचा शब्द प्रमाण मानावयाचा हे ठरत नाही, आणि मग अखत्याराच्या गोष्टी व्यर्थ होतात. तारखेचा प्रश्न मात्र निराळा होता. तारीख ही संख्येसारखी, एकदा ठरली की न बदलणारी असावी अशी आपली स्वाभाविक अपेक्षा. म्हणून २०१३ च्या ५.५ या आवृत्तीत डेटटाइमइम्युटेबल हा नवा क्लास आला, ज्याला चौदा दिवस पुढे सरकवा म्हटले तर तो स्वतः जागचा हलत नाही आणि नवी तारीख काढून हाती देतो. ती नवी तारीख व्हेरिएबलमध्ये ठेवून घ्यायला विसरले, की परतीची तारीख पुन्हा १ जून! हा दुसरा ठेचाळण्याचा दगड. परंतु एकदा येथे ठेच लागली म्हणजे बदलणारा ऑब्जेक्ट आणि न बदलणारा ऑब्जेक्ट यांतील भेद आयुष्यभर विसरत नाही.

ऑब्जेक्टची कल्पना पीएचपीहून पुष्कळ जुनी. ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा रचली, तिच्यात क्लास, त्यापासून निघणारे उपक्लास आणि उपक्लासने बदलून घ्यावयाच्या मेथड हे सर्व मूळ स्वरूपात आढळते. २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना याच कार्यासाठी मिळाला. त्यांना प्रत्यक्ष जगातील व्यवहारांचे अनुकरण संगणकावर करावयाचे होते, त्यामुळे तेथे पदार्थांची चित्रे काढणे हेच कामाचे मूळ होते, आणि पाठ्यपुस्तकांतील मोटारींची परंपरा बहुधा येथवर मागे जाते. पुढे अमेरिकेत अ‍ॅलन के यांनी स्मॉलटॉकच्या द्वारे परस्परांना निरोप धाडणाऱ्या स्वतंत्र घटकांवर भर दिला. वेबच्या कामाला ही दुसरी दृष्टी अधिक मानवते असे मला वाटते; तेथे निरोप कोणी कोणाला द्यावा आणि तो कोणी ऐकावा याचाच प्रश्न अहोरात्र असतो.

वारसा, म्हणजे इनहेरिटन्स, हा विद्यार्थ्यांच्या विशेष प्रीतीचा विषय. सभासद हा मूळ क्लास, त्याचे बालसभासद, साधारण सभासद आणि आजीव सभासद असे तीन वारस, ही रचना कागदावर फार शोभून दिसते. मग बालसभासद अठरा वर्षांचा होतो. ऑब्जेक्ट ज्या क्लासचा म्हणून जन्माला आला त्या क्लासचाच तो शेवटपर्यंत राहतो, त्याला मध्येच दुसऱ्या क्लासमध्ये नेण्याची सोय पीएचपीत नाही. आणि म्हणून त्या बिचाऱ्याला रद्द करून नवा साधारण सभासद निर्माण करणे, त्याची पुस्तके, अनामत, मागील नोंदी सगळे उचलून तिकडे नेणे भाग पडते. सभासदत्वाचा प्रकार हा वेगळा ऑब्जेक्ट करून सभासदाच्या हाती दिला असता, तर वाढदिवशी केवळ तो प्रकार बदलला असता आणि सभासद तोच राहिला असता. १९९४ साली गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी लिहिलेल्या डिझाइन पॅटर्न्स या ग्रंथाने वारशापेक्षा अशा जोडणीला प्राधान्य द्यावे असे बजावले होते, तो उपदेश वेबच्या कामात पावलोपावली प्रत्ययास येतो.

मग वारसा कोठे घ्यावा? याचे एक उत्तम उदाहरण मराठी वाचकांच्या रोजच्या वापरातले आहे. २००३ सालापासून चालू असलेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी या प्रणालीवर चालतो, ती पीएचपीत लिहिलेली आहे, आणि शेकडो भाषांचा संसार तिला सांभाळावा लागतो. तिच्यात लँग्वेज नावाचा एक मूळ क्लास आहे. प्रत्येक भाषेसाठी त्याचा एकेक वारस केला असेल अशी आपली समजूत होईल, पण तसे नाही. मराठीच्या वाट्याला आलेल्या आहेत त्या केवळ माहितीच्या फाईली, ज्यांत पानावरच्या बटणांचे व सूचनांचे मराठी शब्द असतात आणि इंग्रजी अंकांच्या जागी देवनागरी अंक योजण्याचा तक्ता असतो. बाकी सर्व काम मूळ क्लासच करतो, कारण मराठीचा फरक हा त्याच्या दृष्टीने माहितीचा फरक आहे. तुर्कीला मात्र स्वतंत्र उपक्लास आहे, कारण त्या भाषेत टिंबाचा आणि बिनटिंबाचा असे दोन वेगळे आय असल्याने पहिले अक्षर मोठे करण्याची नेहमीची रीत तेथे चुकते. फिनिशलाही आहे, कारण नामाला प्रत्यय लावण्याचे तिचे नियम कोडनेच पाळावे लागतात. जेथे वर्तन बदलते तेथे वारस, जेथे केवळ माहिती बदलते तेथे तक्ता: इतका स्वच्छ विवेक मला पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळला आहे. वारसाने मूळ क्लासची जागा घेतली तरी त्याच्यावर विसंबून असलेल्या कोडचा भरवसा ढळता कामा नये, हे बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेले तत्त्वही येथे पाळले जाते. पान रचणाऱ्या कोडला आपण मराठीशी बोलतो आहोत की तुर्कीशी, याची चौकशी करावी लागत नाही.

इंटरफेसबद्दल थोडक्यात सांगतो. मुदत संपल्याची सूचना सभासदाला द्यावयाची आहे, ती कधी ईमेलने, कधी एसएमएसने. सूचना पाठविणारा कोणीही असो, त्याच्याजवळ पाठवा ही मेथड असलीच पाहिजे, एवढा करार इंटरफेसमध्ये लिहून ठेवतात, आणि देवघेवीचा कोड त्या कराराशी व्यवहार करतो. चाचणी घेताना खरे ईमेल न धाडता केवळ यादीत नोंद करणारा तिसराच ऑब्जेक्ट त्या जागी देता येतो, आणि मला विचाराल तर इंटरफेसचा सर्वांत मोठा लाभ तोच.

शिकण्याची रीत कोणती, असे विचारणाऱ्यास मी नव्या प्रकल्पाचा आग्रह धरीत नाही. स्वतः पूर्वी लिहिलेला, चालता असलेला, अ‍ॅरे आणि फंक्शनांचा कोड घ्यावा आणि त्यात एकच माहिती शोधावी, जी दोहोंहून अधिक फाईलींतून बदलली जाते. तेवढ्या माहितीपुरता एक क्लास लिहावा, प्रॉपर्टीला प्रकार जाहीर करावा (ही सोय २०१९ च्या ७.४ पासून आहे), आणि मग बाहेरची एकेक ओळ मेथडच्या वाटेने वळवावी. जी प्रॉपर्टी एकदा भरल्यावर बदलावयाचीच नाही, उदाहरणार्थ सभासद क्रमांक, तिला रीडओन्ली म्हणावे. २०२१ च्या ८.१ ने ती मुभा दिली आहे. प्रॉपर्टीच्या नावात ह्रस्वदीर्घ चुकले तर पूर्वी पीएचपी ऑब्जेक्टवरही नवी प्रॉपर्टी गुपचूप निर्माण करीत असे. २०२२ च्या ८.२ पासून ती निदान इशारा देते. तो इशारा दाबून ठेवू नये. आणि जुन्या पुस्तकातून शिकणाऱ्याने एवढे पाहावे, की कन्स्ट्रक्टरला क्लासचेच नाव दिलेले असेल तर ते पुस्तक चौथ्या आवृत्तीच्या काळातले आहे. आठव्या आवृत्तीत अशी मेथड आपोआप चालतच नाही, आणि तपासणीची सारी व्यवस्था लिहूनही अंमलात येत नाही.

एक गोष्ट उरते, आणि ती पीएचपीच्या स्वभावातून आलेली आहे. प्रत्येक मागणीसरशी प्रोग्रॅम नव्याने चालू होतो आणि पान धाडून संपतो, तेव्हा त्याने निर्माण केलेले सगळे ऑब्जेक्टही त्याच्याबरोबर नाहीसे होतात. सभासदाचा ऑब्जेक्ट सेकंदाचा लहानसा अंश जगतो. टिकून राहते ती डेटाबेसमधील ओळ, आणि पुढच्या मागणीला तिच्यावरून तो पुन्हा उभा करावा लागतो. हे काम सभासदाने स्वतः करू नये. त्यासाठी निराळा क्लास असावा, जो क्रमांक घेऊन सभासद उभा करतो आणि बदललेला सभासद परत लिहून ठेवतो, म्हणजे पुस्तक द्यावे की नाही या निर्णयात एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याची भाषा, मिसळत नाही. तथापि यातून एक धोका उत्पन्न होतो, जो पुस्तकांतील मोटारींना ठाऊक नसतो. ज्या सभासदाच्या हाती एक पुस्तक आहे तो वाचनालयात दुसरे मागत असताना त्याच क्षणी घरून त्याच्या मुलीने त्याच्या नावावर आणखी एक मागितले, तर सर्व्हरवर दोन मागण्या एकदम चालतात, दोन्हींत त्या सभासदाचा एकेक ऑब्जेक्ट उभा राहतो, दोन्ही ऑब्जेक्टना हाती एकच पुस्तक दिसते, दोन्ही आपला नियम चोख पाळून होकार देतात, आणि सभासदाच्या घरी तीन पुस्तके पोहोचतात. नोंदीत मात्र दोनच, कारण दोन्ही मागण्यांनी एकाचे दोन करून लिहिले. ऑब्जेक्टचा अखत्यार त्याच्या एका मागणीपुरता; त्यापलीकडचा अखत्यार डेटाबेसचा. म्हणून सभासद उभा करण्यापूर्वी पीडीओ या पीएचपीतील डेटाबेसशी बोलण्याच्या साधनामार्फत ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र पार पडतील वा एकही नाही, असा व्यवहार) सुरू करावे, त्याची ओळ फॉर अपडेट म्हणून कुलूपबंद वाचावी, म्हणजे दुसरी मागणी पहिलीचे काम आटोपेपर्यंत खोळंबते आणि मग तिला खरी संख्या दिसते. आणि संख्या दोनाहून अधिक होऊ नये ही अट टेबलाच्या रचनेतही एकदा लिहून ठेवावी.